रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमारा आणि आपल्या जिल्ह्यातली सभागृहं

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बाहुबली'चा पहिला भाग लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दाखवला गेला. पडद्यावर चित्रपट सुरू होता आणि खाली बसलेला वाद्यवृंद त्याचं पार्श्वसंगीत त्याच वेळी प्रत्यक्ष वाजवत होता. इंग्रजी नसलेला चित्रपट अशा पद्धतीने तिथे दाखवला जाण्याची ती पहिलीच वेळ, अशी बातमी झाली. मे २०२५ मध्ये 'आरआरआर'चाही तसाच प्रयोग तिथे झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, लता मंगेशकर त्याच मंचावर उभ्या राहून गायल्या होत्या. आपल्याकडच्या कुणाचा कार्यक्रम तिथे ठरला की बातमीत 'प्रतिष्ठेचा रॉयल अल्बर्ट हॉल' असे शब्द ठरलेले असतात.

पण हा हॉल प्रतिष्ठेचा का? आवाज तिथे सर्वांत चांगला ऐकू येतो म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरी गोष्ट उलटी आहे. या हॉलचा आवाज पहिल्या दिवसापासून बिघडलेला होता आणि तो ताळ्यावर आणायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मराठवाड्यात राहणाऱ्या, नाटक-गाण्याची आवड असणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह बांधायचं, दुरुस्त करायचं हा विषय सतत चर्चेत असतो. त्या चर्चेत खुर्च्या, एसी, पार्किंग, दर्शनी भाग सगळं येतं. आवाजाबद्दल कुणी बोलत नाही.

हॉल आहे तरी कसा

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ हा हॉल बांधला गेला. २९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झालं. राणीला गहिवरून आल्यामुळे हॉल खुला झाल्याची घोषणा तिच्या मुलाने केली, असं सांगतात. आराखडा फ्रान्सिस फौक आणि हेन्री स्कॉट या लष्करी अभियंत्यांचा. आकार लंबगोल, वर लोखंड आणि काचेचा प्रचंड घुमट, उंची साधारण १३५ फूट. आत ९,९९९ नळ्यांचा ऑर्गन आहे. आज तिथे सव्वापाच हजारांच्या आसपास माणसं बसतात.

एवढ्या लोकांना एकाच छताखाली बसवायचं आणि माईकशिवाय ऐकवायचं, असा तो बेत होता. माईक तेव्हा नव्हताच. बेत चुकला कुठे, हे समजायला आवाज भिंतीवर आदळल्यावर काय करतो ते आधी पाहावं लागेल.

प्रतिध्वनी वेगळा, घुमारा वेगळा

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. तुम्ही टाळी वाजवली की आवाज सगळ्या दिशांनी पसरतो, भिंतीवर आदळतो आणि परत येतो. परत यायला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ लागला, तर कानाला तो दुसरा, सुटा आवाज म्हणून कळतो. हा प्रतिध्वनी. शाळेच्या विज्ञानात १७.२ मीटरचा आकडा पाठ केलेला आठवत असेल. भिंत निदान तेवढी लांब हवी, तेव्हाच जाऊन-येऊन दहावा भाग भरतो.

भिंती जवळ असतील तर वेगळंच घडतं. आवाज इकडून तिकडे शेकडो वेळा आदळतो आणि हे सगळे परतीचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात की सुटं काही कळत नाही. मूळ आवाज थांबल्यावरही खोलीत तो थोडा वेळ रेंगाळतो. हा घुमारा. रिकाम्या मंगल कार्यालयात लग्नाच्या आदल्या दिवशी स्टीलचं ताट फरशीवर पडलं की आवाज दोन-चार सेकंद फिरत राहतो, तोच.

घुमारा मोजायची रीत आहे. आवाज थांबल्यापासून तो ६० डेसिबलने खाली येईपर्यंत, म्हणजे जवळपास ऐकू येईनासा होईपर्यंत, किती सेकंद गेले ते पाहायचं. त्याला घुमाऱ्याचा काळ म्हणू. या लेखात एवढी एकच संज्ञा लक्षात ठेवली तरी पुरे.

प्रतिध्वनी जवळपास नेहमीच नकोसा असतो. घुमाऱ्याचं तसं नाही. तो अजिबात नसेल तर गाणं कोरडं, उघडं पडलेलं वाटतं आणि गायकाचाही जीव लागत नाही. फार असेल तर शब्दावर शब्द चढतात. बोलण्यासाठी आणि नाटकासाठी एक सेकंदाच्या आसपास बरा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास लागतो, कारण त्यांचं संगीत अशाच घुमणाऱ्या दालनांत वाढलं.

घुमटाने केलेला घोटाळा

आता अल्बर्ट हॉलकडे परत. आवाज मंचावरून निघतो, सव्वाशे-एकशेतीस फूट वर घुमटाला लागतो आणि खाली येतो. जाऊन-येऊन साधारण ८० मीटर. वेळ लागतो पाव सेकंदाच्या किंचित आत. म्हणजे सरळ सरळ प्रतिध्वनी. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचं तर मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. तबल्यावर 'धा' पडला की त्याचा प्रतिध्वनी जवळपास पुढच्या मात्रेवर येऊन बसणार. तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, घेणाऱ्याचं काय होईल, विचार करा.

त्यात घुमट आतून वाकलेला. भिंगाखाली ऊन एका ठिपक्यावर गोळा होतं, तसा वाकलेला पृष्ठभाग आवाज गोळा करून ठरावीक जागी टाकतो. त्यामुळे काही खुर्च्यांवर प्रतिध्वनी मूळ आवाजाइतकाच ठळक यायचा आणि चार खुर्च्या सोडून बसलेल्याला तो जाणवायचाही नाही. लंबगोल भिंतींनीही हेच केलं.

दोष उद्घाटनाच्या सोहळ्यातच लक्षात आला. पुढे लंडनमध्ये एक विनोद रूढ झाला: ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री असलेली जागा एकच, अल्बर्ट हॉल.

अभियंत्यांचा दोष काढायला माझं मन घेत नाही. १८७१ मध्ये सभागृहाचा आवाज आधी हिशेब करून ठरवायचं शास्त्रच नव्हतं. ते सुरू झालं १८९५ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, म्हणून ते काम वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकावर सोपवलं गेलं. तो रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून या खोलीत ठेवायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून निघालेलं सूत्र आजही जगभर वापरतात. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका घुमारा लांब. आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. १९०० मध्ये बोस्टनचा सिम्फनी हॉल या हिशेबावर उभा राहिला.

अल्बर्ट हॉलचं घनफळ जवळपास ८६,६०० घनमीटर आहे. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन, ज्याचा आवाज जगात उत्तम मानला जातो आणि जिथला नववर्षाचा कार्यक्रम टीव्हीवर अनेकांनी पाहिला असेल, ते १५,००० घनमीटरच्या आसपास. दोन्ही वास्तू एकाच सुमाराच्या, अल्बर्ट हॉल मात्र पावणेसहा पट मोठा. मोठं म्हणजे चांगलं, हा हिशेब आवाजाला लागू होत नाही.

दुरुस्ती कशी झाली

सुरुवातीला घुमटाखाली कापडाचं मोठं छत ताणलं. त्याने थोडा फरक पडला. १९४९ मध्ये ते कापड काढून घुमटाच्या आतल्या काचांच्या जागी अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले, त्यांच्यामागे आवाज शोषणारा थर दिला. तरी प्रतिध्वनी पुरता गेला नाही.

खरा उतारा पडला १९६०च्या दशकाच्या शेवटी. फायबरग्लासच्या १३५ मोठ्या तबकड्या छतापासून खाली टांगल्या. लोक त्यांना मशरूम म्हणतात. आज हॉलचा कुठलाही फोटो पाहा, वर लटकलेल्या या निळसर तबकड्या दिसतील. काम सोपं: वर निघालेल्या आवाजाला घुमटापर्यंत पोचूच द्यायचं नाही. मध्येच अडवून विखरून खाली पाठवायचं. वाटेत अंतर कमी झालं, म्हणून परतीचा आवाज लवकर येतो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. विखुरला, म्हणून एका जागी गोळा होत नाही. पुढे मोजमापाची साधनं सुधारली तेव्हा लक्षात आलं की एवढ्या तबकड्या लागत नाहीत. आता ८५ आहेत.

पाहा, इमारत पाडली नाही. घुमटही बदलला नाही. शंभर वर्षं जुन्या चुकीवर टांगलेल्या तबकड्यांनी उपाय केला. जिल्ह्याच्या सभागृहाबद्दल 'आता काय, बांधून झालं' असं कुणी म्हणालं की मला पहिल्यांदा या तबकड्या आठवतात.

आवाज वाईट होता, तर नाव कशाने झालं

वापराने. तो हॉल कधी रिकामा पडून राहिला नाही. संगीत, सभा, मुष्टियुद्ध, टेनिस, पदवीदान, सगळं तिथे होत आलं. १८९५ मध्ये सुरू झालेला प्रॉम्स हा उन्हाळी संगीत महोत्सव लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये होत असे. १९४१ च्या बॉम्बवर्षावात तो हॉल जळाला आणि महोत्सव अल्बर्ट हॉलमध्ये आला. तो आजही तिथेच होतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत स्वस्त तिकिटावर उभं राहून ऐकण्याची प्रथाही टिकून आहे. चांगला आवाज असलेला हॉल गेला आणि वाईट आवाजाचा हॉल घर बनला. आवाज सुधारण्याचा रेटाही त्यातूनच वाढला.

दुसरं कारण सिनेमा. आल्फ्रेड हिचकॉकने एकच कथा दोनदा काढली, १९३४ मध्ये आणि १९५६ मध्ये: 'द मॅन हू न्यू टू मच'. दोन्हींत कळसाचा प्रसंग याच हॉलमध्ये घडतो. १९५६ च्या चित्रपटात जवळपास बारा मिनिटं संवाद नाही. वाद्यवृंद वाजतोय, गायकवृंद गातोय, आणि प्रेक्षकांत बसलेला मारेकरी झांजेच्या एका आघाताची वाट पाहतोय, कारण गोळीचा आवाज त्याखाली झाकला जाणार आहे. झांजवाला शांत बसलेला दिसतो, मग उठतो, झांजा हातात घेतो. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पडद्यावर वाद्यवृंदाचं संचालन करताना दिसतो तो चित्रपटाचा खरा संगीतकार बर्नार्ड हरमन. सिनेमात संगीत सहसा मागे असतं. इथे कथेचा काटाच संगीताच्या हातात आहे, आणि त्यासाठी हजारो माणसं गोलाकार बसलेली, एकमेकांना दिसणारी, अशी जागा लागते. बघा, या ठिकाणी हॉलचा आकार कामी आला. जो लंबगोल कानाला त्रास देत होता, तोच कॅमेऱ्याला पावला.

नाव एवढं मोठं झालं की पुढे नुसत्या नावावरही काम भागू लागलं. १९९६ च्या 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटात खाण कामगारांचा बँड शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये वाजवतो. बाहेरची इमारत खरी आहे. आतलं चित्रीकरण मात्र बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये झालं. जेम्स बाँडच्या काही चित्रपटांचे पहिले खेळही इथेच झाले, २०२१ चा 'नो टाइम टू डाय' त्यातला एक.

आणि लतादीदी. १९७४ चा तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, दिलीपकुमारांनी करून दिलेली ओळखही त्यात आहे. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या गाण्यांपेक्षा ही गाणी वेगळी का लागतात? आवाज तोच. पण गाणं संपता संपता टाळ्या सुरू होतात तेव्हा केवढ्या मोठ्या पोकळीत ही बाई एकटी उभी आहे, ते कानाला कळतं. हेडफोन लावून फक्त टाळ्या ऐका. हॉल तिथे ऐकू येतो.

पडद्यावर चित्रपट आणि समोर वाद्यवृंद, हे जुळतं कसं

चित्रपटाचा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतो: संवादांची एक, पावलं-पाऊस-तलवारी यांची दुसरी, संगीताची तिसरी. अशा प्रयोगात संगीताची पट्टी काढून टाकतात आणि तेवढं संगीत समोर वाजवलं जातं. अडचण अशी की चित्रपट कुणासाठी थांबत नाही. गायकाने आलाप लांबवला तर तबलजी सांभाळून घेतो, पडदा सांभाळून घेत नाही.

म्हणून संचालकासमोर एक छोटा पडदा असतो. त्यावर तोच चित्रपट, वर खुणा. महत्त्वाचा क्षण जवळ आला की एक उभी रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत जाते. ती कडेला पोचते त्या क्षणी समेवर यायचं. मधल्या मात्रांसाठी ठिपके लुकलुकतात. काही वेळा वादकांच्या कानात बारीक टकटक चालू असते, तिला क्लिक म्हणतात. दोन-अडीच तास शे-दीडशे माणसं सेकंदाच्या अंशाचाही फरक न पडू देता वाजवतात. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन बसणारे वादक हेच काम रेघेशिवाय, नजरेने करायचे.

'घरी उत्तम स्पीकर आहेत, मग हॉल कशाला?'

शंका रास्त आहे. उलट आजच्या सिनेसंगीतात हॉल असतोच, फक्त तो दिसत नाही. स्टुडिओ मुद्दाम कमी घुमणारे बांधतात, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. घुमारा नंतर घालतात. पूर्वी त्यासाठी एक रिकामी, टणक भिंतींची खोली ठेवत. त्यात स्पीकरवर गाणं लावायचं आणि दुसऱ्या टोकाला माईक ठेवून घुमलेला आवाज परत घ्यायचा. आता एखाद्या खऱ्या हॉलमध्ये जाऊन फुगा फोडतात किंवा खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सरकत जाणारा एक स्वर वाजवतात, आणि हॉल त्याला काय उत्तर देतो ते मुद्रित करून आणतात. संगणक तेच उत्तर कुठल्याही आवाजाला लावू शकतो. छोट्या खोलीत गायलेली ओळ कॅथेड्रलमध्ये गायल्यागत ऐकू येते. मोबाइलवर गाण्याच्या अॅपमध्ये 'हॉल' नावाचं बटण असतं, ते कामही याच जातीचं.

मग प्रत्यक्ष जायचं कशाला? दोन स्पीकरमधून येणारा घुमारा दोनच जागांहून येतो. हॉलमध्ये तो मागून, वरून, दोन्ही बाजूंनी येतो आणि कानाला सगळीकडून वेढतो. शिवाय स्टुडिओतल्या गायकाला घुमारा नंतर मिळतो. मंचावरच्या गायकाला तो गातानाच मिळतो आणि तो त्याप्रमाणे गाणं बदलतो: हॉल फार बोलका असेल तर ताना मोकळ्या करतो, दम जास्त ठेवतो. हा संवाद नंतर घालता येत नाही.

'आपल्याकडे सगळं माईकवर असतं, आपल्याला काय फरक पडतो?'

माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण बहुतेक सभागृह समित्यांमध्ये चर्चा इथेच संपते. चांगली साउंड सिस्टिम आणू, काम झालं.

होतं असं. स्पीकरमधून आवाज थेट तुमच्या कानावर येतो आणि भिंतींवर आदळून घुमूनही येतो. शब्द कळतो तो थेट आवाजातून. मागच्या रांगेतल्या माणसाला कळत नाही म्हणून साउंडवाला आवाज वाढवतो. पण त्याने थेट आवाज जेवढा वाढतो तेवढाच घुमाराही वाढतो. गोंगाट वाढला, शब्द जिथल्या तिथेच. आणखी वाढवला की तो घुमलेला आवाज मंचावरच्या माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि माईक शिट्टी मारतो. निवेदक माईकवर टकटक करतो, 'हॅलो हॅलो' करतो. दोष माईकचा नसतो. खोलीचा असतो.

कीर्तन बंद हॉलमध्ये ठेवलं की हे फार लवकर दिसतं. पखवाजाच्या एका तोंडाला कणीक लावलेली असते, त्या बाजूचा खर्जाचा आवाज मोठा आणि पसरणारा. जाड, खालच्या पट्टीचे आवाज पडदे आणि गालिचे फारसे शोषत नाहीत, त्यामुळे तो खर्ज हॉलभर साचून राहतो. त्यावर पाच-पंचवीस टाळ. यात बुवांचा अभंग बुडतो. तेच कीर्तन देवळापुढे मांडवात ठेवलं की प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो, कारण मांडवाला आवाज परत पाठवणाऱ्या भिंती नाहीत.

आपल्या बऱ्याच कला उघड्यावर वाढल्या. पैठणच्या नाथांची भारुडं, तुळजापूरच्या वाटेवरचा संबळ आणि गोंधळ, पोवाडा. या आवाजांना दूर जायची सवय आहे, घुमाऱ्याची गरज नाही. बैठकीचं गाणं वाड्याच्या दिवाणखान्यात वाढलं, तिथे गाद्या-लोड, माणसं खेटून बसलेली, घुमारा जेमतेम. आणि तानपुऱ्याकडे पाहा: चार तारांची अखंड आस गायकामागे चालू असते. सतार-सारंगीच्या तरफांचं, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांचं, कामही तेच. म्हणजे आपल्या संगीताने आपला घुमारा वाद्यातच बांधून घेतला आहे. त्यावर खोलीने आणखी दोन-तीन सेकंद घातले तर ताना आणि बोल चिकटणारच. लंडनच्या हॉलची नक्कल आपल्याला नको, ते यामुळेच. आपल्याला सेकंद-सव्वा सेकंदाचा घुमारा हवा.

वेरूळची सुतार झोपडी

लांबच्या लंडनचं एवढं बोलल्यावर जवळचं सांगायला हवं. वेरूळचं दहाव्या क्रमांकाचं लेणं, सुतार झोपडी, अनेकांनी पाहिलंय. थोड्यांनी ऐकलंय. पुढच्या सज्जाखालून आत गेलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप आणि त्यापुढे बसलेली बुद्धमूर्ती, वर कमानदार छत. छताला लाकडी वाशांच्या घाटाच्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. मंडप सुमारे ८५ फूट लांब, ४३ फूट रुंद, ३४ फूट उंच. लाकूड नाही, कापड नाही, सगळा दगड. एक स्वर लावला की तो छताखाली चढतो आणि कितीतरी वेळ टिकतो. 'बुद्धं शरणं' सावकाश म्हटलं तर पहिल्या शब्दाचा स्वर दुसऱ्याखाली षड्जासारखा धरला जातो. भरभर बोललात तर मात्र काही कळत नाही.

अल्बर्ट हॉलशी ताडून पाहा. इथे छत ३४ फुटांवर आहे, त्यामुळे परतीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत येतो आणि सुटा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. फासळ्या आणि खांब आवाज विखरतात. म्हणजे लंडनला तबकड्या टांगून जे करावं लागलं, त्यातलं पुष्कळसं इथे कोरीवकामात आपोआप आलं आहे. कोरणाऱ्यांनी ते आवाजासाठी केलं असा दावा मी करणार नाही. पण सावकाश पठणाला ही जागा शोभते आणि द्रुत तबल्याला नाही, हे उभं राहून कुणालाही कळेल.

आपल्या सभागृहाचा हिशेब

संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर, नांदेडचं कुसुम सभागृह, लातूरचं दयानंद सभागृह, बीडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, आणि तालुक्या-तालुक्यातली कार्यालयं, बहुउद्देशीय सभागृहं. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. म्हणून समजायला एक कल्पित हॉल घेऊ: ३० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच. घनफळ २,७०० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १,४४० चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा आणि फरशी आवाज फारच कमी शोषतात, दारं-खिडक्या धरून शंभरात पाच भाग म्हणू.

सेबिनच्या सूत्रात घातलं तर रिकाम्या हॉलचा घुमारा येतो सहा सेकंद. भाषण सुरू केलं तर एक वाक्य संपेपर्यंत आधीचं वाक्य हवेत. आता पाचशे माणसं बसवा. माणसाचे कपडे आणि अंग आवाज छान शोषतात. घुमारा दीड सेकंदावर येतो. हॉल तोच, गर्दीने सुधारला. म्हणूनच तालमीला वाईट वाटलेला हॉल प्रयोगाला बरा वाटतो, आणि पन्नास रसिक आलेल्या मैफलीत गायक हैराण होतो. मराठवाड्यात शास्त्रीय गाण्याला कधी कधी पन्नासच येतात, आणि ते पन्नास जण पुन्हा यावेत असं वाटत असेल तर हॉल रिकामा असतानाही बरा हवा.

त्यासाठी छताचा अर्धा भाग आवाज शोषणाऱ्या पट्ट्यांनी झाकला तर रिकाम्या हॉलचा घुमारा सहावरून सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. गादीच्या खुर्च्या घातल्या, मागच्या भिंतीवर जाड चुण्यांचा पडदा लावला की आणखी उतरतो. मागची भिंत विसरू नका. मंचावरून निघालेला आवाज तिच्यावर थेट आपटून पहिल्या रांगांत प्रतिध्वनी म्हणून परत येतो.

'एवढा खर्च कोण करणार?'

दर्शनी काच आणि संगमरवर यांवर होतो त्यातला थोडा भाग. खनिज लोकर किंवा लाकडाच्या तंतूंच्या पट्ट्या, छिद्रांचं प्लायवूड आणि त्यामागे लोकर, जाड पडदे, या बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तू आहेत. महाग पडतं ते नंतर उपटून पुन्हा करणं. आराखड्याच्या वेळीच ध्वनितज्ज्ञाला विचारलं तर छत किती उंच, भिंती समांतर की थोड्या तिरक्या, पत्रा असेल तर पावसाचा आवाज कसा रोखायचा आणि एसीची घरघर किती ठेवायची, हे सगळं कागदावर सुटतं. अल्बर्ट हॉलने पैसा उभा करायला शंभर-शंभर पौंडांना तेराशेच्या आसपास जागा ९९९ वर्षांच्या हक्काने विकल्या होत्या. आपल्याकडे खुर्चीमागे देणगीदाराचं नाव लिहायची रीत आहेच. तशी छताच्या पट्टीमागे लिहिता येईल.

एक अडचण खरी आहे: आपलं सभागृह बहुउद्देशीय असतं. सकाळी शिबिर, दुपारी लग्न, रात्री नाटक. त्यावर उपाय सरकत्या पडद्यांचा. गाण्याला पडदे गुंडाळायचे, भाषणाला आणि नाटकाला सोडायचे. स्पीकरही दोन मोठे भिंतीएवढे लावण्यापेक्षा छोटे-छोटे, श्रोत्यांच्या जवळ, कमी आवाजात लावले तर थेट आवाज जास्त पोचतो. अल्बर्ट हॉलमध्ये आता असेच शेकडो स्पीकर मजल्यामजल्यावर आहेत. मात्र मागच्या स्पीकरांना थोडा उशीर द्यावा लागतो. मंचापासून ३४ मीटरवर मूळ आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तिथला स्पीकर त्याआधी बोलला तर आपणच नवा प्रतिध्वनी तयार केला म्हणायचं.

स्वतः तपासायचं असेल तर

यंत्र नसलं तरी चालेल. सभागृह रिकामं असताना जा, पंखे आणि एसी बंद करायला सांगा. मंचाच्या मध्यभागी उभं राहून एकच खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर सुटी दुसरी टाळी ऐकू आली तर समोरची भिंत किंवा छत परत पाठवतंय. टाळीनंतर बारीक थरथर, पाखराच्या पंखांगत फडफड ऐकू आली तर दोन समांतर भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. आवाज विरायला मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजा. दोनच्या पुढे गेलात तर तिथे नाटकाचे शब्द कळणार नाहीत.

मग एकाला मंचावर उभं करून माईकशिवाय वर्तमानपत्रातला परिच्छेद वाचायला सांगा आणि तुम्ही मागच्या रांगेच्या कोपऱ्यात बसा. मध्यभागी बसू नका, पाहुणे मध्यभागी बसतात. 'श', 'स', 'त', 'ट' ही व्यंजनं सुटी येतात का ते ऐका, आधी तीच हरवतात. फोनवर घुमारा मोजायची अॅपही मिळतात, फुगा फोडला की अंदाजे आकडा देतात.

नवं सभागृह मंजूर झाल्याची बातमी आली, तर नगरपालिकेला किंवा समितीला लेखी विचारायचा प्रश्न असा: प्रेक्षक नसताना आणि सभागृह भरलेलं असताना, ५०० आणि १००० हर्ट्झला (म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजांना) घुमाऱ्याचा काळ किती सेकंद धरला आहे? हे दोन आकडे आराखड्यात लिहिलेले असले तर बांधकाम संपल्यावर मोजून ताडता येतात, आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या मोजणीनंतर काढा असंही म्हणता येतं.